पाठमोरे फोटो

फोटोत पाठ आली की फोटो वाया गेला, हे आर्डिथ वेसेलीचं ब्रीद होतं. मोरावा गावातल्या मुलींच्या सॉफ्टबॉलचे आणि मुलांच्या बेसबॉलचे फोटो ती इतकी वर्षं काढत आली होती, की आज मैदानात धावणाऱ्या पोरींच्या आयांचेही धुळीत घसरतानाचे फोटो तिनंच काढलेले होते. "पाठ काय, मेली सगळ्यांची सारखीच," ती म्हणायची. "फ्रिजवर चिकटवायला आईला तोंड लागतं, तोंड!"

म्हणून तिची जागा ठरलेली. होम प्लेटच्या, म्हणजे बॅटवालीच्या जागेच्या, मागे, तारेच्या जाळीला अगदी खेटून. लेन्सचं तोंड जाळीच्या एका चौकोनाला टेकवलं की तार फोटोत येतच नाही, नाहीशी होते. तिथून पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी पोरगी, समोरासमोर दिसते. हात गरगर फिरतो, चेंडू कमरेजवळून सुटतो, आणि त्या क्षणी पोरीच्या चेहऱ्यावर जे काही असतं ते तिच्या जन्मदात्रीनंही कधी पाहिलेलं नसतं. ते पकडायचं. बाकी सगळं खोगीरभरती.

त्या शुक्रवारी तिचा धाकटा भाऊ लायल तिच्या दुकानात आला. संघांचे मोठाले फलक छापायचं तिचं दुकान, खाली सगळीकडे कापडाची भेंडोळी. लायल दारातून आत आला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाला, "कामात आहेस?"

कॅलेंडरकडे बघत म्हणजे आर्डिथकडेच बघत. गेल्या दोन वर्षांत त्याच्या नजरेचा नेमका मधला भाग गेला होता. कडा तेवढ्या शिल्लक. माणूस बघायचा तर माणसाच्या शेजारी बघावं लागे. ओमाहा शहरातल्या डॉक्टरांनीही हात टेकले होते. नवख्या माणसाला वाटे, हा आपल्याला टाळतोय. आम्हाला सवय झाली होती.

"बस," आर्डिथ म्हणाली. "कोलाचे खा. ताजे गोड पाव आहेत, जर्दाळू भरलेले."

तो बसला, पण खाल्लं नाही. वेसेलीच्या घरात माणूस कोलाचेला नाही म्हणतो म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय, हे आर्डिथला कळलं.

"आर्डी, उद्याच्या सामन्यानंतर मी बादली ड्वेनला देणार आहे."

आर्डिथचा हात जागच्या जागी थांबला.

आमच्याकडे मुलगी पिचर झाली की बापाच्या नशिबी बादली येते. रंगाची रिकामी बादली, वर गादीचं झाकण, आत चेंडू. ती अंगणात पालथी नाही, उलथी नाही, सरळ ठेवायची, झाकणावर बसायचं, ग्लोव्ह पुढे धरायचा आणि पोरीचे चेंडू झेलत राहायचे. उन्हाळा म्हणू नका, थंडी म्हणू नका. लायलची लेक टेगन सहा वर्षांची असल्यापासून तो त्या बादलीवर बसला होता. आता ती बारा वर्षांची, डावखुरी, आणि गावात तिच्याइतका वेगवान हात कुणाचाच नव्हता.

"एप्रिलमधलं मनात धरून बसलायस?" आर्डिथनं विचारलं.

एप्रिलमध्ये टेगननं वर चढणारा चेंडू टाकला होता. कमरेजवळून सुटतो आणि शेवटी वर उसळतो, तो. लायलला तो दिसलाच नाही. गालाचं हाड मोडलं.

"हाडाचं काय घेऊन बसलीस, हाड जुळलं. पण तेव्हापासून ती मला हळू टाकते. मी कितीही सांगितलं तरी हळू. आजारी माणसाला भरवावं तसं." तो कॅलेंडरलाच सांगत राहिला. "आणि तो चढता चेंडू तर तिनं सोडूनच दिला, सामन्यातसुद्धा. माझ्यामुळं पोरीचा हात अडकलाय. ड्वेन तरुण आहे, त्याचीच पोर कॅचर आहे, सामन्यात टेगनचे चेंडू तीच झेलते, आणि त्याचे डोळे धड आहेत. तो झेलेल."

"टेगनला विचारलंस?"

"विचारलं तर नाहीच म्हणणार. दयेपोटी." त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. "एक काम कर माझं. उद्या तिचा एक फोटो काढ. समोरून. चेंडू हातातून सुटतानाचा. ओठ मुडपते बघ ती, खालचा ओठ आत घेते. डोळे धड होते तोवर रोज बघितलंय मी ते. दाराएवढा छाप. मी कडेकडेनं बघेन, तुकड्या-तुकड्यानं. तेवढं असलं की पुरे."

आर्डिथला गलबलून आलं. पण ती मोठी बहीण, रडायची सोय नव्हती. "काढते," ती म्हणाली. "आता कोलाचे खा, नाहीतर बाहेर हो."

शनिवारी सामना ओसबर्न गावच्या मुलींशी. कुंपणापलीकडे मका डोक्याएवढा वाढलेला, आणि गाव झाडून आलेलं. लायल नेहमीसारखा जाळीमागे, अंपायरच्या जरा बाजूला, बादलीवर बसला होता. मांडीवर ग्लोव्ह. सामन्यात झेलायचं काहीच नसे, पण ग्लोव्हशिवाय त्याचे हात त्याला परके वाटायचे.

आर्डिथ मात्र अजून तिथे पोहोचली नव्हती. बियाण्यांच्या दुकानदारानं नवा स्कोअरबोर्ड गावाला दिला होता, आणि खेळ चालू असताना बोर्डाखालून मैदानाचा एक फोटो हवा म्हणून त्यानं तिचं डोकं खाल्लं होतं. बोर्ड मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, मक्याला लागून. "पहिली इनिंग तिथे, मग धावत मागे," असं म्हणून ती तिपाई घेऊन गेली. टेगननं पहिल्या तिघींना उभ्या उभ्या बाद केलं. ढग आला म्हणून आर्डिथ दुसऱ्या इनिंगलाही थांबली. पुन्हा तिघी गेल्या. तिसऱ्या इनिंगला ऊन आलं, फोटो झाला, तिघी पुन्हा गेल्या, आणि आर्डिथनं तिपाई काखोटीला मारली.

"कुठं निघालीस?"

हा बो ह्रुस्का. बोर्डावर आकड्यांच्या पाट्या टांगणारा म्हातारा. शिडीवर बसलेला.

"होम प्लेटमागं. लायलला शब्द दिलाय."

"बस खाली."

"अरे बो, पण—"

"वर बघ. वाच. मनातल्या मनात वाच. तोंडातून ब्र काढलास तर याद राख!"

आर्डिथनं वर बघितलं. ओसबर्नच्या रांगेत शून्य, शून्य, शून्य. नऊ मुली आल्या, नऊ मुली परत गेल्या. एकीनंही चेंडू धड मारला नव्हता, एकीचाही पाय पहिल्या बेसला लागला नव्हता. असा सामना शेवटपर्यंत गेला तर त्याला जे नाव आहे, ते नाव खेळ चालू असताना कुणी घेत नाही. घेतलं की दृष्ट लागते. आणि जो जिथे, जसा बसलाय, त्यानं तिथून हलायचं नाही.

"तू या बोर्डाखाली बसलीस आणि हे सुरू झालं," बो कुजबुजला. "आता तू उठलीस आणि काही झालं, तर या गावात तुला कुणी पाणी विचारणार नाही. मी तर नाहीच नाही."

आता आर्डिथ काही अडाणी बाई नव्हे. चारचौघांत असल्या गोष्टींना हसणारी. पण तिनं लांबवर नजर टाकली आणि बघते तर काय, सगळं गाव देव पाण्यात घालून बसलेलं. पाद्रीबाबा एका पायावर दुसरा पाय टाकून बसले होते, वरचा पाय बधिर झाल्याचं चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं, पण खाली घेण्याची हिंमत नव्हती. टेगनची आई रॉबिन मक्याच्या लाह्यांच्या यंत्राशी, हातात डाव तसाच वर, आणि यंत्रातून धूर. डगआउटमध्ये, खेळाडूंच्या बाकावर, टेगन एका टोकाला एकटीच, आणि बाकीच्या मुली दुसऱ्या टोकाला गर्दी करून. वाळीत टाकल्यासारखी. तिच्याशी बोलायचं नाही, तिच्याकडे बघायचं नाही.

आर्डिथ मुकाट्यानं बसली.

मग पाळी बदलली. मोरावाच्या दोन धावा झाल्या, त्याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. आर्डिथचा जीव टांगणीला लागला होता. इथून तिला टेगनची काय दिसत होती? पाठ. अकरा नंबरचा निळा शर्ट आणि मधोमध लोंबणारी वेणी. अख्ख्या मैदानात फोटोसाठी याहून दळभद्री जागा नसेल. आणि भावानं आयुष्यात एक गोष्ट मागितली होती.

चौथ्या इनिंगला तिनं मन घट्ट केलं. "गेलं उडत!" म्हणाली आणि उठली. बो शिडीवरून तिचं नाव घेऊन बोंबललाच असता, पण बोंबलणंही अपशकुनात मोडतं, म्हणून नुसतेच हात उडवत राहिला. ती कुंपणाच्या कडेकडेनं झपझप निघाली. अर्ध्यात पोहोचते न पोहोचते तोच, ठाण! ओसबर्नच्या एका उंच पोरीनं चेंडू असा फोडला की तो सरळ डावी रेषा धरून उडाला. गावाचा श्वास अडकला. चेंडू पडला, धूळ उडाली, ती पांढऱ्या रेषेच्या तसूभर बाहेर. फाउल. वाचलो.

मग सगळ्या गावानं माना वळवल्या. आर्डिथकडे. कुणी काही बोललं नाही. पाद्रीबाबांनी नुसतं एक बोट उचललं आणि स्कोअरबोर्डाकडे दाखवलं.

ती परत गेली. शेपूट असती तर पायात घातली असती.

"आली का गाडी रुळावर?" बो म्हणाला असता, तर निदान भांडता आलं असतं. पण तोही गप्प. तिनं निमूटपणे सर्वात लांब लेन्स चढवली, तिपाईवर टेकवली आणि डोळा लावला. हात रिकामे ठेवायचे नाहीत, एवढ्यासाठी. पाठ तर पाठ.

लेन्समधून टेगनची पाठ, तिच्यापलीकडे बॅट धरलेली मुलगी, तिच्यामागे कॅचर, अंपायर, आणि अंपायरच्या खांद्याबाजूला, जाळीपलीकडे, लायल. आर्डिथला तो इतका जवळ दिसला की ती दचकली. मान बाजूला वळवलेली. कुणाला वाटेल, हा डगआउटकडे बघतोय. तो लेकीकडे बघत होता, उरलेल्या कडेनं. त्या कडेत चेंडू मावत नाही. एक निळा डाग दिसत असेल, फार तर.

आणि त्याचा ग्लोव्ह हलला.

आधी तिला वाटलं, माशी हाकलतोय. ग्लोव्ह मांडीवरून उठला आणि उजव्या गुडघ्यापाशी खाली जाऊन उघडा थांबला. टेगनचा हात फिरला. चेंडू सुटला. कॅचर पोर मधोमध मिट, म्हणजे तिचा जाड झेलायचा हातमोजा, धरून बसली होती, तिला ते घाईनं खाली त्याच बाजूला न्यावं लागलं. धप्. स्ट्राइक.

योगायोग, आर्डिथ म्हणाली.

ग्लोव्ह आता डावीकडे, छातीशी. टेगनचा हात फिरला. धप्. डावीकडे, छातीशी.

 आर्डिथनं डोळा काढला, पुसला, पुन्हा लावला. तिसरा चेंडू. ग्लोव्ह आधी गेला, मग चेंडू. चौथा. ग्लोव्ह आधी, मग चेंडू. ज्या माणसाला बहिणीचं तोंड दिसत नाही, तो माणूस चेंडू सुटायच्या आधी चेंडूची जागा उघडून बसत होता. आणि त्याच्याच चेहऱ्यावर त्याचा मागमूस नव्हता. ओठ हलत होते. बॅटवालीच्या बुटांचा मातीतला आवाज ऐकत होता, तिची बॅट किती उशिरा फिरली ते ऐकत होता, आणि अंगणात बसल्यासारखा स्वतःशीच पुटपुटत होता.

"देवा रे," आर्डिथ म्हणाली.

"गप्प बस!" वरून बो.

ती गप्प बसली. इतकी वर्षं जाळीला लेन्स टेकवून तिनं शेकडो पोरींची तोंडं टिपली होती, आणि तिच्याच कोपराशी बादल्यांवर बसलेले हे बाप तिला एकदाही दिसले नव्हते. दिसणार कसे? ती त्यांच्याच रांगेत, त्यांच्यासारखीच पुढे बघत बसलेली. देवळात राहून देव पाठीमागे, अशातली गत. तिनं बोट दाबलं आणि सोडलंच नाही. ग्लोव्ह, हात, चेंडू. ग्लोव्ह, हात, चेंडू.

शेवटची इनिंग. शेवटची मुलगी. तीच ती उंच पोर. दोन स्ट्राइक झाले होते, तिसऱ्याला ती बाद. मैदानात इतकी शांतता की मक्याची पानं घासल्याचं ऐकू येत होतं.

लायलचा ग्लोव्ह वर गेला. हळूहळू वर. छातीच्या वर, खांद्याच्या वर, आणि गालापाशी येऊन थांबला. त्याच गालापाशी.

चढता चेंडू. एप्रिलपासून न टाकलेला.

टेगन उभी राहिली. नेहमीपेक्षा जास्त वेळ. तिचे खांदे वर झाले, खाली आले. आर्डिथ लेन्समागे श्वास धरून होती आणि मनात म्हणत होती, टाक गं बाई, टाक. मग पाय पुढे पडला, हात असा फिरला की दिसलाच नाही, आणि चेंडू निघाला. आधी सरळ. मग वर. उंच पोरीनं जीव खाऊन बॅट फिरवली ती चेंडूच्या खालून. कॅचर पोर बसल्या जागेवरून उडी मारून उठली आणि चेंडू तिच्या डोक्यावर, मिटच्या टोकात अडकला.

 मग मात्र गावानं जो काही गलका केला! बो शिडीवरून पाटी टांगायची सोडून पाटीसकट उतरला आणि आर्डिथच्या गळ्यात पडून हुंदके देऊ लागला. पाद्रीबाबा उठायला गेले आणि बधिर पायानं आडवे झाले. मुलींचा ढीग पडला, त्यात टेगन कुठं आहे तेही कळेना.

आर्डिथ धावत मैदान ओलांडून जाळीमागे आली तेव्हा लायल उभा होता. बादली ड्वेनच्या हातात होती. त्यानं ती देऊनही टाकली होती.

"आर्डी!" तिच्या पावलांवरून त्यानं ओळखलं. त्याचे गाल ओले होते. "ऐकलंस? चढता टाकला पोरीनं! शेवटचा! आणि अख्ख्या सामन्यात, खोटं सांगत नाही, मी मनात म्हणायचो बाहेर खाली, की मिट बाहेर खालीच वाजायचं. मी म्हणायचो आत, तर आत! सगळं सगळं शिकली. जे मी सांगितलं असतं तेच तिला आपलं आपण सुचतंय." तो थांबला. "बरं झालं. आता बादलीवर कुणीही बसलं तरी चालेल."

"लायल, ऐक. तू मनात म्हणत होतास, पण तुझा—"

"फोटो मिळाला?"

 "समोरून नाही मिळाला. मला तिकडून उठू दिलं नाही. सगळे पाठमोरे आहेत."

"एकही नाही?"

"एकही नाही."

त्यानं मान हलवली. रागावला असता तर बरं झालं असतं. "असू दे. मीही नसतो हललो," तो म्हणाला, आणि ड्वेनच्या खांद्यावर हात ठेवून गाडीकडे गेला. आर्डिथ तिथेच उभी. जे पाहिलं ते सांगायला तोंड उघडलं होतं, पण सांगणार काय? तुला येणाऱ्या गोष्टी आधी कळतात, असं? तिचं तिलाच उमगलेलं नव्हतं.

ते उमगलं दुकानात, मोठ्या पडद्यावर. तिनं सगळे फोटो ओळीनं लावले आणि ग्लोव्ह बघता बघता तिचं लक्ष पाठीकडे गेलं. त्याच त्या मेल्या सारख्या पाठीकडे. सुरुवातीच्या इनिंगांमध्ये, बियाणेवाल्यासाठी काढलेल्या फोटोंत, टेगन नुसती उभी राहून कॅचरकडे सरळ बघत असली की वेणी अकराच्या दोन एकांच्या मधोमध लोंबत होती. पण चेंडू टाकण्याआधीच्या प्रत्येक फोटोत, एकूण एक, वेणी सरकलेली. एका एकाला झाकून बसलेली. नंबर अकराचा एक झालेला.

म्हणजे डोकं वळलेलं होतं. जरासंच. कॅचरच्या बाजूला. जाळीपलीकडच्या बादलीकडे.

"अगं बाई!" आर्डिथ एकटीच मोठ्यानं म्हणाली, आणि तिनं यंत्रात फलकाचं सगळ्यात रुंद कापड चढवलं.

रविवारी प्रार्थना आटोपून लायल घरी आला तेव्हा त्याच्या कोठाराचं दार या टोकापासून त्या टोकापर्यंत झाकलेलं होतं. शेवटच्या मुलीला टाकलेल्या चेंडूंचे फोटो, ओळीनं. आर्डिथ शिडीवरून उतरत होती.

"हे काय लावलंयस? निवडणुकीला उभी राहतेस की काय?"

"बघ. वेळ घे."

लायल दाराजवळ गेला. नाक कापडाला लागेल इतका जवळ, आणि मान वळवून, शेताकडे बघत. असा तो एकेक पाऊल सरकत गेला. निळा रंग लागला तिथे थांबला. "ही टेगन. वेणी." पुढे सरकला. "हा अंपायर, पोट सुटलंय. आणि हा बादलीवरचा म्हातारा कोण?"

"आरशात बघत नाहीस वाटतं?"

"बघतो. मधे भोक दिसतं."

"तूच आहेस. तुझा हात बघ कुठं आहे."

त्यानं हात बघितला. बोटांनी चाचपला, जणू कापडावर उंचवटा असेल. पुढच्या फोटोकडे गेला, मग मागे आला, मग पुन्हा पुढे. शेवटच्या फोटोपाशी, जिथे ग्लोव्ह गालाशी होता आणि चेंडू अजून टेगनच्या मुठीत, तिथे तो बराच वेळ शेताकडे बघत उभा राहिला.

"मी हात हलवत होतो?" त्यानं विचारलं.

घराच्या पायरीवर टेगन उभी होती, हातात अर्धं कोलाचे. ती कधी आली ते दोघांना कळलं नव्हतं. "म्हणजे काय?" ती म्हणाली. "बाबा, तू मुद्दाम नव्हतास करत?"

"काय मुद्दाम?"

"ग्लोव्ह! तू दाखवशील तिथं मी टाकत होते ना. काल काय, सगळ्या सामन्यांत. कुणाला सांगायचं नसतं म्हणून बोलले नाही. ओसबर्नच्या कोच बाई भांडायला आल्या असत्या."

"आंधळ्यानं खुणा केल्या, अशी तक्रार?" आर्डिथ म्हणाली. "जाऊ दे की त्यांना अंपायरकडे. मी पण येते ऐकायला."

पण लायल हसला नाही. "मला वाटलं, तुझं तुलाच सुचतंय," तो म्हणाला. "मी तर नुसता... सवयीनं..."

"माझं मला? शेवटचा? मी मेले तरी टाकला नसता तो! पण तू गालाशी ग्लोव्ह धरलास. म्हटलं, बाबा मागतोय, तर..."  कोलाचे तिनं पायरीवर ठेवलं. "तू बादली देऊन टाकलीस, असं आई म्हणाली. माझं काही चुकलं का, बाबा?"

लायलनं मान तिच्याकडे वळवली, म्हणजे तिच्यापासून वळवली, नीट दिसावी म्हणून. "तू मला हळू टाकतेस, टेगन. सामन्यात असं टाकतेस की मिट फाटावं, आणि मला हळू. मला वाटलं, पोर दया करतेय."

"घरी मधे जाळी नसते ना, बाबा!"

ती हे इतकं वैतागून म्हणाली, की जणू हे न कळणारा माणूस जगात असेल याचंच तिला नवल वाटत होतं. मैदानात बाप जाळीमागे. लागणार नाही. तिथं ती मोकळी. अंगणात बाप उघडा. तिथं हात आपसूक आखडायचा. एवढंच होतं. एवढ्याशा गोष्टीसाठी एप्रिलपासून दोघंही एकमेकांपासून तोंड लपवून झुरत होते, आणि दोघांचीही पाठ एकमेकांकडे नव्हतीच.

लायल कोठाराच्या दारावरच्या स्वतःच्या फोटोशेजारी मटकन बसला, जमिनीवर. टेगन धावत आली आणि त्याच्या खांद्यात तोंड खुपसून रडली. आर्डिथनं शिडीचा स्क्रू घट्ट करायचं काम काढलं. शिडीला स्क्रू नव्हता.

"आर्डी," थोड्या वेळानं लायल नाक पुसत म्हणाला, "कोंबड्यांच्या खुराड्यामागं जाळीचा एक तुकडा पडलाय ना?"

"गंजलाय."

"चेंडूला गंज कळत नाही. आण. आणि ड्वेनला फोन लाव."

ड्वेन बादली घेऊन आला तेव्हा जाळी दोन खांबांना बांधून झाली होती. "घ्या बाबा तुमची," तो म्हणाला. "कालपासून आमची पोर हिला हात लावू देत नाहीये मला. म्हणे, ती लायलकाकांची आहे, चावते."

लायल जाळीमागे बादलीवर बसला. ग्लोव्ह उचलला. टेगन समोर, अंगणात ती जागा खणून खणून खड्डा पडला होता त्यात, उभी राहिली. आर्डिथ भावाच्या खांद्याशी उकिडवी बसली आणि लेन्सचं तोंड जाळीच्या एका चौकोनाला टेकवलं. तार नाहीशी झाली. दिलेला शब्द अजून फिटायचा होता.

ग्लोव्ह वर गेला. गालापाशी.

टेगननं खालचा ओठ आत घेतला. हात फिरला. चेंडू असा आला की गंजकी जाळी खणखणत बाहेर फुगली, लायलच्या नाकाशी येऊन थांबली, आणि तो लहान पोरासारखा खदखदून हसला.

"मिळाला?"

"मिळाला," आर्डिथ म्हणाली. 

"तोंड आलं?"

"आलं. ओठासकट."

"डोळे कुठं बघतायत?"

आर्डिथनं कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पुन्हा बघितलं, खात्री करून घ्यायला. "तुझ्याकडे."

 लायलनं ग्लोव्ह पुन्हा उचलला, या वेळी गुडघ्याशी, बाहेरच्या बाजूला. आर्डिथ उठायला लागली तसा त्यानं दुसऱ्या हातानं तिचा झगा धरून तिला खाली ओढलं.

"हलू नकोस," तो म्हणाला.